डावा पंख जड

कर्णिकसाहेब विमानातून उतरले आणि सगळ्यात आधी त्यांनी उजवा हात खांद्यापासून झटकला. दोन-तीनदा मूठ उघडली, मिटली. विदुलाताई, वस्ताद आणि मी धावपट्टीच्या कडेला उभे होतो. सहा वर्षं खपून केलेलं विमान पहिल्यांदा आकाशात गेलं होतं आणि बावीस मिनिटं फिरून सुखरूप खाली आलं होतं. विदुलाताई एकीकडे हसत होत्या आणि एकीकडे डोळे पुसत होत्या. मी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडायला घेतला.

"पेढे खाऊच," कर्णिकसाहेब म्हणाले, "पण आधी ऐका. इंजिन उत्तम. ब्रेक उत्तम. डावा पंख जड आहे."

"जड म्हणजे?" मी विचारलं.

"हातातला दांडा मोकळा सोडला की विमान डाव्या कुशीवर जातं. लगेच नाही, पण जातं. बावीस मिनिटं मी दांडा उजवीकडे रेटून धरला होता. दोन तासांचं उड्डाण असतं तर हात बधिर झाला असता."

मी दोरा पुन्हा बांधला. डावा पंख माझा होता.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, फेब्रुवारी महिन्यातली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात उद्यमनगरात दस्तगीर शिकलगार यांच्या शेडमध्ये पत्र्याचं काम करायचो. ट्रकच्या केबिनी, बसच्या बॉड्या, ठोकलेल्या गाड्यांचे दरवाजे. दस्तगीरभाईंना सगळं उद्यमनगर वस्ताद म्हणायचं. चेपलेल्या मडगार्डवर एकदा हात फिरवून कुठं किती ठोकायचं ते सांगायचे आणि तेवढंच ठोकल्यावर मडगार्ड कारखान्यातून आल्यासारखं दिसायचं. मी सोळाव्या वर्षी त्यांच्याकडं आलो. मला जे काही येतं ते त्यांनी दिलेलं.

विदुला इंगवले पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या. परदेशातून विमानाचे नकाशे मागवून घरी विमान बांधणारी बाई म्हणून गावात त्यांची थट्टा व्हायची. एक दिवस त्या नकाशांची गुंडाळी घेऊन शेडमध्ये आल्या. वस्तादांनी ती जमिनीवर पसरली, गुडघ्यावर बसून तासभर बघितली आणि विचारलं, "ह्यात बसणार कोण?" ताई म्हणाल्या, "मी." वस्ताद म्हणाले, "मग करू."

बांधणी ताईंच्या मळ्यातल्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात झाली. पंखांची वाटणी वस्तादांनीच केली. उजवा त्यांचा, डावा माझा. ते उजव्याचं एक काम करायचे, मी बघायचो आणि मग तेच डाव्यावर करायचो. कर्णिकसाहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, नवी विमानं तपासून बघण्यात त्यांची हयात गेलेली. ताईंच्या विनंतीवरून ते आठ दिवसांसाठी पुण्याहून आले होते. विमान त्यांच्या सांगण्यावरून आम्ही माळावरच्या धावपट्टीवर आणलं होतं; साखर कारखान्यानं कधीकाळी उसावर औषध फवारायला विमानं मागवली होती, तेव्हाची ती पट्टी. चाचणीच्या उड्डाणांची परवानगी महिनाअखेरपर्यंतच होती आणि गुरुवारी तपासणीला अधिकारी येणार होते. पहिलं उड्डाण झालं तो सोमवार होता.

चहा पिताना कर्णिकसाहेबांनी समजावून सांगितलं. वस्ताद खुर्चीत बसून ऐकत होते. मी फडकं घेऊन पंखांच्या कडा पुसत होतो, कारण धुळीनं विमान माखलं होतं आणि मला हात रिकामा ठेवून बसवत नव्हतं.

"पहिली गोष्ट म्हणजे पेट्रोल," साहेब म्हणाले. "दोन्ही पंखांत टाक्या आहेत. एकीत जास्त असेल तर ती बाजू जड. ते मी आत्ताच बघितलं, दोन्हीकडं सारखं आहे. दुसरं, विमान तिरकं चाललं असेल तर. समोरच्या वाकड्या नळीतला मणी मधोमध असला की सरळ चाललंय असं समजायचं. मणी मधोमध होता. मग उरतात तीन कारणं. पंख पिळलेला असेल. मागचे फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली सोडतो त्या पट्ट्या, एका पातळीत नसतील. नाहीतर झडपा."

झडप हे आमचं शेडमधलं नाव. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडं, बिजागरीवर हलणारी लांब पट्टी असते. दांडा डावीकडं केला की डावी झडप वर उठते, उजवी खाली जाते आणि विमान डावीकडं कलतं. दोन्ही एकाच सळईनं जोडलेल्या, एकीला ओढलं की दुसरी हलणारच.

"झडपांचं काय बिघडतं?" ताईंनी विचारलं.

"मागची कड. तिथं पत्रा दुमडलेला असतो. दुमड व्यवस्थित मिटलेली असली तर हवा त्या झडपेला बरोबर जागेवर उचलून धरते. दुमड फुगलेली राहिली तर ती झडप हवी तेवढी वर उचलली जात नाही, खालीच राहते. मग तो पंख हलका होतो आणि पलीकडचा जड वाटायला लागतो. गंमत म्हणजे दोष एका बाजूला आणि पडतो दुसरा पंख. पण हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पंख मोजू."

माझं फडकं उजव्या झडपेच्या कडेवर होतं. मी ते तिथंच थांबवलं. मग उचललं, झटकलं आणि म्हणालो, "ताई, मोजायला नको. माझाच पंख पिळलाय."

ताईंनी कप खाली ठेवला.

"साचा सरकला होता," मी म्हणालो. "रिव्हेट मारताना. माझ्या ध्यानात आलं तेव्हा निम्म्या रांगा झाल्या होत्या. मी साचा परत जागेवर ओढला आणि पुढं गेलो."

"कधी?"

"दिवाळीच्या आसपास."

"आणि तेव्हापासून बोलला नाहीस?"

मी मान हलवली. ताईंचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात. जिना उतरताना एक पायरी नाहीच असं कळल्यावर माणसाचं होतं तसं काहीतरी.

वस्ताद खुर्चीतून म्हणाले, "साचा जमिनीत गाडलेला व्हता, सर्जा. काँक्रीट भरून. मीच गाडलेला."

"तरीबी सरकला."

ते माझ्याकडं बघत राहिले.

आम्ही पंख मोजले. पाणसळ, ओळंबा, ताईंनी करून घेतलेली लाकडी फळी, सगळं लावून दुपारभर मोजले. मुळाशी दोन्ही सारखे. टोकाशी डाव्यात पाव अंशाचा फरक निघाला.

"हाताने केलेल्या पंखात पाव अंश असतोच," कर्णिकसाहेब म्हणाले. "एवढ्यानं पंख पडेल का, मला नाही वाटत."

"पण तो स्वतः सांगतोय," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "पाव अंश दिसतोय, आत किती असेल कुणाला माहीत. मी वरचा पत्रा उघडणार. टोकापासून चार खण."

त्या उठल्या, हत्यारांच्या पेटीतून ड्रिल काढलं आणि डाव्या पंखापाशी गेल्या. चार खण म्हणजे हजारभर रिव्हेट. ते काढायचे, पत्रा उलगडायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा परवानग्या. तीन महिने, कदाचित जास्त. मला ते सगळं ठाऊक होतं. मला वाटलं होतं की थोडं बोलणं खाईन, फ्लॅप जरा खाली करून पंख सावरून घेऊ आणि विषय संपेल. ताई ड्रिल उचलतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"इंगवले," कर्णिकसाहेब म्हणाले. ते चिडले की ताईंना आडनावानं हाक मारायचे; मला तर कायमच चौगुले म्हणायचे. "ते खाली ठेवा."

"साहेब, गुरुवारी..."

"गुरुवार येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी मी पुन्हा वर जातो. चौगुलेंनी कबुली दिली, ठीक. कबुली म्हणजे मोजमाप नव्हे. उद्याच्या उड्डाणानंतरही पंखच पिळलेला निघाला तर ड्रिल मी स्वतः तुमच्या हातात देईन."

सकाळी साहेबांनी लाल चिकटपट्टीचे चार तुकडे कापले. झडप आणि तिच्या शेजारचा फ्लॅप यांच्या सांध्यावर, दोन्ही पंखांना, एकेक जोडी. जमिनीवर दांडा मधोमध धरला की दोन्ही तुकडे एका रेषेत यायचे. "वर गेल्यावर मी दांडा सोडतो," ते म्हणाले. "पंख पिळलेला असेल तर दांडा मधोमधच राहील, पट्ट्या रेषेत राहतील आणि तरीही विमान कलेल. झडपांत खोट असेल तर आधी दांडाच आपणहून कलेल आणि पट्ट्या सरकतील. इतकं साधं आहे. चला."

विमान वर गेलं. ताईंच्या हातात वॉकीटॉकी होता. वस्ताद आणि मी त्यांच्या दोन्ही बाजूंना. हवा सकाळची, एकदम स्थिर. तीन हजार फुटांवर ते एखाद्या घारीएवढं दिसत होतं.

"मणी मधोमध," वॉकीटॉकी खरखरला. "पेट्रोल सारखं. वेग शंभर. दांडा सोडतोय. एक. दोन. तीन..."

वर विमान सरळ होतं. मग डावा पंख झुकायला लागला. सावकाश, कुणीतरी त्याला खालून दोरी बांधून ओढतंय असा.

"...सहा. सात. पुरे. धरला." थोडा वेळ नुसती खरखर. "इंगवले, ऐका. दांडा आपणहून डावीकडं गेला. डावी झडप वर, उजवी खाली. पट्ट्या सरकलेल्या स्वच्छ दिसतायत. पुन्हा करतो." पुन्हा सहा-सात आकडे. "तेच. आता दांडा मी हातानं मधोमध धरून ठेवतो, बघू पंख पडतो का. एक, दोन, तीन, चार..."

ते वीसपर्यंत मोजत गेले. आम्ही तिघंही ओठांत मोजत होतो. विमान सरळच राहिलं.

"पंख सरळ आहे," साहेब म्हणाले. "चौगुलेंना सांगा, तुमचा पंख सरळ आहे. आणि मी खाली आलो की मला त्यांच्याशी बोलायचंय."

ताईंनी वॉकीटॉकी खाली घेतला. माझ्याकडं वळून बघायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"काल मी ड्रिल हातात घेतलं होतं," त्या म्हणाल्या. एवढंच.

साहेब उतरले, हेल्मेट काढलं, सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "साचा सरकला नव्हता."

"न्हाई."

"मग खोटं का बोललात?"

खोटं बोलायला एक क्षण लागला होता, खरं सांगायला तोंड उघडेना. साहेबही घाईत नव्हते. ते हातमोजे काढत वाट बघत होते.

आमच्या मागून पावलं वाजली. वस्ताद उजव्या पंखाकडं चालले होते. झडपेपाशी थांबले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात मागची कड धरून त्यांनी हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. त्यांना असं करताना मी अठरा वर्षं बघत आलो होतो. पण या वेळी टोकाला पोचल्यावर ते थांबले, बोटांकडं बघितलं आणि पुन्हा तसाच हात फिरवला. मग तिसऱ्यांदा.

मग त्यांनी एक गोष्ट केली, तशी मी कुणाला करताना पाहिली नव्हती. कमरेत वाकले, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, आणि झडपेची कड खालच्या ओठावर टेकवून ओठ हळूहळू पुढं नेत गेले. डोळे मिटलेले. टोकापर्यंत गेले. सरळ झाले, पंखाला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि माझ्या झडपेवरही तसंच केलं. ताई काही बोलणार होत्या, साहेबांनी हातानं थांबवलं.

वस्ताद परत आले. ओठाला धूळ लागली होती ती मनगटानं पुसली.

"उजवी फुगलीया," ते म्हणाले. "मधल्या तीन खणांत जास्त. डावी सुरेख हाय."

"वस्ताद..." मी म्हणालो.

"गप ऱ्हा. तुला कवा कळलं?"

"काल. पुसताना."

"कशानं?"

"अंगठ्यानं."

त्यांनी माझ्या खिशातला मार्किंगचा खिळा ओढून घेतला आणि त्याचं टोक स्वतःच्या अंगठ्यात दाबलं. चामडं आत गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग तर्जनीत दाबलं.

"काय बी न्हाई," ते म्हणाले. "दोन वरसं झाली. साखर हाय मला. आधी पायाला मुंग्या आल्या, मग बोटं गेली. डागदर म्हणला, परत यायची न्हाईत. मी म्हणलं, डोळं हायत, कान हायत, ठोकलेल्या आवाजावरनं पत्रा कळतोय. कुनाला सांगायचं काय कारण?" ते ताईंकडं वळले. "बाई, ही झडप मी गेल्या साली केली. अंगठा फिरवला, बरोबर वाटली. बरोबर न्हवं, काय वाटलंच न्हाई. आनि काय वाटलं न्हाई म्हंजे कड साफ असनार, असं मी धरून चाललो."

वारा सुटायला लागला होता आणि चिकटपट्टीचं एक टोक फडफडत होतं.

"दस्तगीरभाई," कर्णिकसाहेब म्हणाले, "हे दुरुस्त होणारं आहे. तासाभराचं काम."

"झडप हुईल दुरुस्त." वस्तादांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्येचं काय? काय रं, मला वाचवायला तू बाईंचा पंख फोडायला निगाला व्हतास? चांगला पंख? तुझ्या हातचा?"

"मला वाटलं, ताई फ्लॅप सावरून घेतील. तेवढ्यानं भागलं असतं."

"भागलं असतं! आनि माझी झडप तशीच फुगलेली वर गेली असती? ह्यात मानूस बसतंय, सर्जा! एका वेगाला फ्लॅपनं सावरंल, दुसऱ्या वेगाला न्हाई सावरलं म्हंजे? इचारलंस साहेबास्नी?"

साहेबांनी मान हलवली. "नाही सावरणार. फ्लॅपनं हे फक्त झाकलं गेलं असतं."

"ऐकलंस? अठरा वरसं माझ्या हाताखाली हाईस. कुनाच्या दाराची फट झाकून दिली काय आपुन कवा? पुट्टी भरून गाडी दिली काय?" त्यांचा आवाज चढला होता आणि मग तो एकदम उतरला. "मला तू म्हातारा समजलास. त्याचं न्हाई वाटत, हायेच मी म्हातारा. पर तू मला, खरं ऐकवायचं न्हाई असला मानूस समजलास."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर ते मागं सरले. "पाया काय पडतोस? पक्कड आन."

पुढचा दीड दिवस आम्ही कड दाबली.

सागवानाच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये झडपेची कड, आणि वरून रुंद जबड्याची पक्कड. वस्ताद शेजारी खुर्ची टाकून बसले. "मी दाबनार न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मला कळनार न्हाई कुटं थांबायचं. तू दाब. मी बोलतो." चार-चार बोटांवर एकदा दाबायचं, पुढं सरकायचं, टोकाला पोचलं की अंगठा फिरवून बघायचं. केसभर. त्याहून कमीच. पहिला हात झाला तसे साहेब वर गेले आणि खाली येऊन म्हणाले, "पंधरा सेकंद लागले कलायला. आधी सात लागत होते. बरोबर चाललंय."

मला जोर आला. दुसऱ्या हाताला मी मधल्या तीन खणांत जरा जास्तच दाबलं. वस्ताद म्हणत होते, "बास, बास," तरी अजून एकदा. साहेब उतरले ते हसतच. "अभिनंदन, चौगुले. आता उजवा पंख जड आहे."

ताईसुद्धा हसल्या. सोमवारपासून पहिल्यांदा.

"दाबायला काय, कुनीबी दाबतंय," वस्ताद म्हणाले. "फुगवायला अक्कल लागती. लाकडी हातोडी घे. कडेवर पट्टी आडवी धर, आनि टिचकी मारल्यागत मार. न्हाई, न्हाई, ट्रकाचं मडगार्ड न्हवं त्ये. टिचकी! हां. आवाज ऐक. बद्द वाजतंय तवर मारायचं, टण्ण वाजलं की हात आखडायचा."

मी कान लावून मारत गेलो. बद्द, बद्द, बद्द. एका जागी आवाज बदलला तसा मी थांबलो. वस्तादांनीही त्याच क्षणी हात वर केला होता. त्यांची बोटं गेली होती, कान अजून माझ्या दुप्पट होते.

बुधवारी दुपारी साहेब पाचव्यांदा वर गेले. ताईंनी वॉकीटॉकी माझ्याच हातात दिला.

"मणी मधोमध. वेग शंभर. दांडा सोडला. एक... दोन... तीन..." दहा झाले. वीस झाले. आकाशात विमान एखाद्या ठेवलेल्या वस्तूसारखं सरळ चाललं होतं. "...अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. मोजायचा कंटाळा आला. वेग वाढवून बघतो. एकशे तीस. एक... दोन..."

वस्ताद मान वर करून उभे होते. "सरळ हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"सरळ हाय, वस्ताद."

"खरं सांगतोस?"

"खरं."

संध्याकाळ व्हायच्या आत ताईंनी नोंदवही काढली. विमानाच्या बांधणीची वही, त्यात प्रत्येक दुरुस्ती लिहायची असते. त्या लिहायला लागल्या, 'उजव्या झडपेची मागची कड दाबून सारखी केली,' आणि पेन थांबवलं.

"कारण लिवा की," वस्ताद म्हणाले.

"कारण, कड फुगली होती."

"कुनाच्या हातची?"

"दस्तगीरभाई, तसं लिहायची पद्धत नाही."

"वही तुमची, विमान तुमचं. पर झडप माझी. लिवा, दस्तगीर शिकलगार यांच्या हातची. उद्या तो साहेब येईल, तेला वाचू द्या."

ताईंनी कर्णिकसाहेबांकडं पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले. ताईंनी लिहिलं. वस्तादांनी वही स्वतःकडं ओढून नावाखाली सही केली, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मग वही माझ्यापुढं सरकवली. "तूबी लिव. साचा सरकला असं खोटं सांगितलं म्हनून."

"वस्ताद, ते विमानाच्या वहीत..."

"लिव."

मी लिहिलं. ताईंनी ते पान तसंच ठेवलं. गुरुवारी आलेल्या अधिकाऱ्यांनी वही चाळताना त्या पानावर बोट ठेवलं, दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढचं पान उलटलं. परवानगी मिळाली. मार्चमध्ये विदुलाताईंनी ते विमान पहिल्यांदा एकटीनं उडवलं. त्याच्यापुढची सतरा वर्षं त्या ते उडवत होत्या.

मला अजून सांगायचंय ते पुढच्या सोमवारचं. सकाळी शेड उघडली तेव्हा वस्तादांनी सगळ्यांना हातातलं काम ठेवायला सांगितलं. आम्ही अकरा जण होतो. मधोमध उभं राहून ते म्हणाले, "माझ्या बोटांत आता जीव न्हाई. जाडी, फुगा, कड बघायची असली तर सर्जाला इचारायचं. मलाबी इचारायचं असलं तर त्यालाच इचारीन." आणि वळून कामाला लागले.

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलले. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी एका बसचा दरवाजा पुरा केला आणि दोघांकडून उचलून आणवून माझ्यापुढं ठेवला. स्वतः बाजूला उभे राहिले, हात मागं बांधून, मी सोळाव्या वर्षी त्यांच्यापुढं उभा राहायचो तसे.

ते आणखी सहा वर्षं जगले आणि जवळजवळ शेवटपर्यंत काम करत राहिले. एकही काम मला दाखवल्याशिवाय शेडच्या बाहेर गेलं नाही. बहुतेक वेळा मी हात फिरवायचो, मान हलवायचो आणि ते घेऊन जायचे. दोनदा मी काम परत दिलं. पहिल्यांदा मी तीन वेळा हात फिरवून बघितला. "वस्ताद, खालच्या कडेला फुगलंय," एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी पत्रा उचलला आणि जाऊन पुन्हा केला.

दुसऱ्यांदा एकदाच फिरवला. एका केबिनचं छप्पर होतं. मी बघितलं आणि म्हणालो, "वस्ताद, हे न्हाई चालायचं. पयल्यापास्नं करा."

त्यांनी छपराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्ता शिकलास," ते म्हणाले, आणि हातोडी घेऊन बसले.